माती सुधारायची कोणी आणि मोजायची कोणी?

प्रश्नाची मांडणी

वरळीच्या बीडीडी चाळींच्या १२१ इमारती १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. या खोल्यांमध्ये राहायला आलेली माणसे प्रामुख्याने कोकणातली आणि घाटावरची. गिरणीत, गोदीत, पालिकेत नोकरी आणि सातबारा गावाला, अशी अनेक कुटुंबांची विभागणी झाली. काहींच्या नावावर सातबारा कधी नव्हताच. ऑगस्ट २०२५मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. शहरातल्या घराचा प्रश्न असा मार्गी लागत असताना गावाकडच्या जमिनीचा प्रश्न मात्र अनेक घरांत तसाच पडून आहे. ती पडीक ठेवायची, वाट्याने द्यायची की कसायची? कसायची तर तिच्यात आता किती कस उरला आहे? आणि कस कमी झाला असेल तर तो परत कसा आणायचा?

या शेवटच्या प्रश्नावर महाराष्ट्रात शंभरहून अधिक वर्षे विचार आणि काम चालू आहे. जमिनीचा पोत बिघडला आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. मतभेद आहेत ते उपायांबद्दल, आणि त्याहून खोल मतभेद आहेत ते ज्ञानाच्या अधिकाराबद्दल. मातीवरचे संशोधन विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर व्हायचे की शेतकऱ्याच्या बांधावर? एकेकट्या शेतकऱ्याने माती सुधारायची की गावाने मिळून? या वादाची आजची स्थिती मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मातीचे आरोग्य म्हणजे काय

चांगल्या मातीकडून चार गोष्टींची अपेक्षा असते. तिने पिकाला अन्नद्रव्ये पुरवावीत, पाणी मुरवून धरावे, मुळांना हवा द्यावी आणि जिवाणू, बुरशी, गांडुळे यांना नांदू द्यावे. या चारही कामांचा एक समान धागा म्हणजे सेंद्रिय कर्ब. आपल्याकडच्या रूढ वर्गवारीत तो ०.५ टक्क्याच्या खाली असला तर कमी, ०.५ ते ०.७५ टक्के मध्यम आणि त्यावर जास्त मानला जातो. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या बऱ्याच जमिनी पहिल्या गटात मोडतात.

पण राज्याची माती एकजिनसी नाही, आणि म्हणून एकच औषध सगळीकडे चालत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू (आम्ल-विम्लतेचा निर्देशांक) जास्त. तिथे जस्त आणि लोह पिकाला सहज मिळत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब तुलनेने बरा असतो, पण धो धो पावसाने क्षार धुऊन जातात, माती आम्ल होते आणि स्फुरद अडकून बसते. कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात अति पाण्याने जमिनी चिबड आणि क्षारपड झाल्या. कोकण किनाऱ्यावर खाडीचे पाणी शिरून खारवट झालेल्या जमिनी वेगळ्याच. चाळीतल्या एकाच मजल्यावर राहणाऱ्या चार कुटुंबांच्या गावाकडच्या जमिनींना चार वेगळे आजार असू शकतात.

वादाची जुनी मुळे

महात्मा फुले यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हा विषय मांडला होता. डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेल्या किड्यांचे खत पावसाबरोबर शेतात न येता ओढ्यानाल्यांतून वाहून जाते, म्हणून सरकारने लष्कर आणि पोलिसांतल्या मनुष्यबळाकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, असे त्यांनी सुचवले. धूप, सेंद्रिय द्रव्य आणि सामूहिक श्रम ही आजच्या चर्चेची तिन्ही सूत्रे त्यात आहेत. पुढे १८९३मध्ये डॉ. व्होल्कर या इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञाचा भारतीय शेतीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. इथल्या रयतेचे शेतीचे ज्ञान कमी नाही, तिला खताचा तुटवडा आहे, असा त्याचा सूर होता. कोकणातल्या राबाच्या प्रश्नाचीही त्याने दखल घेतली. भाताच्या रोपवाटिकेवर फांद्या, पाला आणि शेण जाळून राब करावा की नाही, यावर वनखाते आणि शेतकरी यांच्यात तेव्हा वाद पेटला होता. तो आजही पूर्ण मिटलेला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. एखाद्या गावाची जमीन आणि तिच्यावर जगणारी माणसे एकत्र तपासण्याचा तो प्रयत्न १९१७मध्ये पुस्तकरूपाने आला. दुसऱ्या गावाच्या अभ्यासात त्यांचे सहकारी होते ना. वि. कानिटकर. याच कानिटकरांनी पुढे सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात पावसाने किती माती वाहून जाते, याची मोजमापे घेतली. दख्खनच्या धुपेवर आकड्यांच्या आधाराने बोलण्याची सुरुवात तिथून झाली.

याच काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. १९३१च्या मूळ पुस्तकावर त्यांच्या नावाशेजारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्ड यांना आद्यगुरू मानले, वाड यांची आठवण मात्र फार थोड्यांनी ठेवली. ही पद्धत मुळात इथल्या काडीकचऱ्याच्या आणि शेणाच्या वापराचे निरीक्षण करून, त्याला रसायनशास्त्राची जोड देऊन तयार झाली होती.

यानंतर सरकारी कार्यक्रमांचा काळ आला. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समपातळी बांधबंदिस्तीला बळ मिळाले. हलक्या जमिनींत तिचा फायदा झाला, पण खोल काळ्या जमिनीत बांधाला पाणी तुंबून पिके पिवळी पडली, बांध फुटले. जमिनीच्या मालकाला न विचारता आखलेला बांध टिकत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर हजारो हातांनी नालाबांध आणि बांधबंदिस्ती केली. त्याच सुमारास संकरित वाणे, रासायनिक खते आणि उपसा सिंचन यांचा प्रसार झाला. उत्पादन वाढले, पोटाला धान्य मिळाले, हे विसरून चालणार नाही. पुढे बैल कमी होत गेले, ट्रॅक्टर आले, शेणखत दुर्मीळ झाले आणि जमिनीत परत जाणारे सेंद्रिय द्रव्य आटत गेले.

पहिली भूमिका: तपासा आणि संतुलित खत द्या

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे आणि नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण विभाग यांची मुख्य भूमिका अशी: माती तपासावी, जे कमी आहे ते मोजून द्यावे आणि रासायनिक व सेंद्रिय खतांचा मेळ घालावा. या भूमिकेचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे दीर्घकालीन खत प्रयोग. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे असा प्रयोग १८४३पासून अखंड चालू आहे. आपल्याकडे अखिल भारतीय प्रकल्पात अकोला आणि परभणीचा समावेश आहे. या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की केवळ नत्र देत राहिलेल्या वाफ्यांची उत्पादकता घसरत जाते, तर शिफारशीइतके नत्र-स्फुरद-पालाश आणि जोडीला शेणखत मिळालेल्या वाफ्यांत उत्पादन आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही टिकतात किंवा वाढतात.

हे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्यासाठी फेब्रुवारी २०१५मध्ये देशभर मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्ये, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये. कल्पना चांगली होती. अडचण अंमलबजावणीत आली. बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकोनाला एक नमुना, असा मूळ नियम होता. आपल्या मुरमाड माळाचा आणि शेजाऱ्याच्या काळ्या पट्टीचा अहवाल एकच, हे शेतकऱ्याला पटेना. शिवाय मातीची भुसभुशीतता, पाणी मुरण्याचा वेग, गांडुळांची संख्या अशा ज्या खुणांवरून शेतकरी जमीन ओळखतो, त्या पत्रिकेत नाहीत.

दुसरी भूमिका: खत घालू नका, मातीतले जीव पोसा

मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या बेलोरा गावचे सुभाष पाळेकर यांची नैसर्गिक शेती ही या भूमिकेची सर्वांत प्रसिद्ध मांडणी. जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा यांचा मेळ) हे तिचे चार खांब. बाहेरून विकत काही आणायचे नाही, हे तिचे आर्थिक आकर्षण. कर्जाने पिचलेल्या विदर्भात ते किती मोठे आहे हे सांगायला नको. पाळेकरांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली, आंध्र प्रदेशाने नैसर्गिक शेतीचा राज्यव्यापी कार्यक्रम हाती घेतला आणि नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली.

शास्त्रज्ञांचा आक्षेप साध्या हिशेबावर उभा आहे. एकरी २०० लिटर जीवामृतात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, थोडा गूळ, बेसन आणि मूठभर माती असते. त्यातले नत्र पाव किलोच्या आसपास भरते. एवढ्यावर ऊस किंवा कापूस पोसणार कसा? २०१९मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने दिल्लीत तज्ज्ञांची बैठक घेऊन या पद्धतीच्या दाव्यांना पडताळलेला आधार नाही, अशी भूमिका घेतली. समर्थकांचे उत्तर असे, की जीवामृत हे खत नाहीच, ते विरजण आहे. मातीतल्या खनिजांत अन्नद्रव्ये भरपूर आहेत, ती सोडवून देणारे जीव वाढवले की पुरे.

या मुद्द्यावर पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे संस्थापक, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी वेगळी उपपत्ती मांडली. मातीतल्या जिवाणूंना ऊर्जा देणारे अन्न, म्हणजे साखर किंवा ताजा हिरवा पाला, अल्प प्रमाणात दिला की त्यांची संख्या वाढते, ते मातीच्या कणांतून खनिजे उचलतात आणि मेल्यावर ती पिकाला मिळतात. कंपोस्ट कुजवताना ही ऊर्जा आधीच खर्च होते, म्हणून कंपोस्टपेक्षा ताजा पाला बरा, असे त्यांचे म्हणणे. ही मांडणी तपासता येण्याजोगी आहे, हे तिचे मोठे बळ. वेगवेगळ्या जमिनींवर, अनेक हंगामांत तिची कसून तपासणी व्हायला हवी.

यवतमाळजवळ शेती करणारे सुभाष शर्मा यांची वाट थोडी निराळी. रासायनिक शेतीत तोटा सोसल्यावर ते १९९०च्या दशकात नैसर्गिक शेतीकडे वळले. जमीन, पाणी, झाडे आणि बियाणे यांचा एकत्र विचार, शेतातच पाणी जिरवणे आणि हिरवळीची पिके यांवर त्यांचा भर आहे. २०२५मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली.

तिसरी भूमिका: नांगर थांबवा

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर हे कृषी पदवीधर शेतकरी. त्यांनी नांगरणीशिवाय ऊस आणि भात घेतले आणि भू-सूक्ष्मजीवशास्त्राच्या आधारे मराठीत सातत्याने लिहिले. त्यांचा मुख्य सिद्धान्त असा, की बाहेरून गाड्याभर शेणखत आणून टाकण्यापेक्षा पिकाची मुळे आणि खोडक्या जागच्या जागी कुजू दिल्या तर जमीन जास्त सुधारते. नांगरटीने हे साठलेले द्रव्य उघडे पडते, झपाट्याने जळते आणि मातीची कणरचना मोडते.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी याच तत्त्वावर भाताची सगुणा पद्धत, म्हणजे एसआरटी, बसवली. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर खड्डे पाडून बी टोकायचे आणि पुढची वर्षे नांगरणी, चिखलणी, लावणी यांतले काहीही करायचे नाही. धसकटे आणि मुळे वाफ्यातच राहतात. चिखलणी आणि लावणी वाचते, म्हणून मजूरही कमी लागतात. घरातली कर्ती माणसे मुंबईत आणि गावात म्हातारे आईवडील, अशा कोकणातल्या घरांसाठी हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. पडीक खाचर पुन्हा पिकाखाली आणण्याची शक्यता त्यातून तयार होते.

या भूमिकेवरचे आक्षेप दोन. पहिला तणनाशकाचा. नांगर थांबला की तण मारायला ग्लायफोसेटचा आधार घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये त्याला संभाव्य कर्ककारक म्हटले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हा निष्कर्ष मानला नाही, युरोपीय संघाने २०२३मध्ये त्याला आणखी दहा वर्षे परवानगी दिली, तर भारत सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये त्याचा वापर प्रशिक्षित फवारणी चालकांपुरता मर्यादित केला. दुसरा आक्षेप मोजमापाचा. बिननांगरटीच्या जमिनीत कर्ब वरच्या थरात गोळा होतो. नमुना वरून दहा सेंटिमीटरचा घेतला तर वाढ मोठी दिसते, तीस सेंटिमीटरपर्यंत खोल गेले तर ती बरीच कमी भरते. जगभरच्या मृदाशास्त्रात या मुद्द्यावर अजून चर्चा चालू आहे.

चौथी भूमिका: शेतकरी हाच संशोधक

वरच्या तीन भूमिका ‘काय करावे’ हे सांगतात. चौथी ‘कोणी शोधावे’ हे सांगते आणि ती महाराष्ट्राची स्वतःची देणगी आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पानाचे क्षेत्रफळ किती, त्यावर पडणारे ऊन किती, त्यातून तयार होणारे शुष्क द्रव्य किती, मुळांच्या टोकांची संख्या किती, असे प्रश्न घेऊन शेतकऱ्याने स्वतःच्या झाडाचा अभ्यास करायचा. नोंदी ठेवायच्या, पत्रांतून आणि मंडळांतून त्या इतरांपुढे ठेवायच्या आणि चूक निघाली तर सुधारायची. द्राक्षबागायतदारांत या कामाचा प्रभाव मोठा होता. परदेशात ‘शेतकरी प्रथम’ ही कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठांत मान्य झाली. प्रयोग परिवार त्याआधी वीस वर्षे ती जगत होता.

संशोधन केंद्राकडून शिवाराकडे गेलेल्या तंत्रांचा अनुभवही याला पूरक आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा सरी पद्धत १९७०च्या दशकात विकसित केली. केंद्रावर ती उत्तम चालली, पण शेतकऱ्यांनी ती फारशी उचलली नाही. राज्यात ती पसरली ती बऱ्याच वर्षांनी, सोयाबीन हाती आल्यावर, ट्रॅक्टरला जोडता येणारे सोपे पेरणीयंत्र मिळाल्यावर आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीनुसार तिच्यात बदल केल्यावर.

प्रयोग परिवाराची मर्यादाही नोंदवायला हवी. त्याचे ज्ञान माणसांच्या संबंधांवर उभे होते. हजारो शेतकऱ्यांच्या वह्यांतल्या नोंदी एका जागी, एका पद्धतीने, तुलना करता येईल अशा जमल्या नाहीत. २००१मध्ये दाभोळकर गेले आणि परिवाराचे काम अनेक छोट्या प्रवाहांत विखुरले.

गाव एकत्र येते तेव्हा

मातीचे काही आजार असे आहेत की तिथे एकट्या शेतकऱ्याचा काहीच इलाज चालत नाही. शिरोळ तालुक्यातली क्षारपड जमीन हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. उसाला अमाप पाणी दिल्याने भूजल वर आले, पाठोपाठ क्षार वर आले आणि सोन्यासारख्या जमिनी पांढऱ्या पडल्या. उपाय तांत्रिकदृष्ट्या माहीत आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकून खारे पाणी बाहेर काढायचे. पण पाइप उताराने जातो, तो शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो आणि मुख्य नळाचे तोंड ओढ्यापर्यंत पोचवावे लागते. मधल्या एकाने नाही म्हटले की वरच्या सगळ्यांचे काम अडते. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे गट बांधले, कर्जाची व्यवस्था लावली आणि हजारो एकरांवर हे काम नेले. पाणथळ रानांत पुन्हा पिके उभी राहिली. उरलेले प्रश्न दोन: बाहेर काढलेले खारे पाणी शेवटी नदीतच जाते, आणि पाणी देण्याची सवय बदलली नाही तर जमीन पुन्हा बिघडू शकते.

पाणलोटाच्या कामांतही हाच धडा आहे. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाण्याचा ताळेबंद हे नियम गावसभेत ठरवले आणि पाळले. डोंगरावरची माती थांबली, म्हणून खालची शेती सुधारली. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिल्या वर्षी तीन आणि शेवटच्या वर्षी ७६ तालुके उतरले. मुंबई-पुण्यात राहणारे गावकरी सुट्टी काढून श्रमदानाला गेले. स्पर्धा संपल्यावर चर आणि बांध राखायचे कोणी, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. संस्थेचे पुढचे ‘समृद्ध गाव’ आणि ‘फार्मर कप’ हे उपक्रम मातीकडे, पीकपद्धतीकडे आणि शेतकरी गटांकडे वळले, यात त्या प्रश्नाचे एक उत्तर दिसते.

सहभागाच्या चर्चेत न्यायाचा मुद्दा टाळता येत नाही. श्रमदानात भूमिहीनांचे हात लागतात, पण सुधारलेली जमीन मालकाची असते. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणशी वाटले, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. मातीसाठी असा सूत्रबद्ध विचार अजून कोणी मांडलेला दिसत नाही. स्त्रियांची स्थितीही अशीच. शेतातले बहुतेक काम त्या करतात, सातबारा क्वचितच त्यांच्या नावावर असतो. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना घरच्या जमिनीतला एखादा तुकडा स्वतःच्या निर्णयाने कसायला मिळावा, यासाठी काम केले. त्या तुकड्यावर त्यांनी घरच्या खाण्याची पिके सेंद्रिय पद्धतीने घेतली. २०१७मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

शहराचा वाटा

गावच्या जमिनीतून निघालेली अन्नद्रव्ये भाजी आणि धान्याबरोबर मुंबईत येतात आणि ओल्या कचऱ्याबरोबर कचराभूमीवर जातात. मातीचा हिशेब पुरा करायचा तर हे चक्र जोडावे लागते. दादरच्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८च्या सुमारास परिसर विकास हा कार्यक्रम सुरू करून कचरावेचक स्त्रियांना वर्गीकरणाचे आणि खतनिर्मितीचे प्रशिक्षण दिले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि सहकाऱ्यांनी दाभोळकरांच्या तत्त्वावर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून माती तयार करून फळे-भाज्या पिकवल्या. धारावीला मिठीकाठच्या जुन्या कचराभूमीवर १९८३पासून झाडे लावत महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४मध्ये लोकांसाठी खुले झाले.

इथेही एक वाद आहे. शहरी खत शेतात न्यावे का? भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने देशभरातल्या शहरी खतांचे नमुने तपासले, तेव्हा मिश्र कचऱ्यापासून केलेल्या खतात जड धातू जास्त आढळले, तर घरातच वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे खत बरेच स्वच्छ निघाले. म्हणजे प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांवर अवलंबून आहे. बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहणाऱ्या चाळीस मजली इमारतींत हे वर्गीकरण पहिल्या दिवसापासून नीट बसवता येण्यासारखे आहे.

कशावर एकमत, काय अनिर्णित

सगळ्या भूमिका शेजारी ठेवल्या तर काही गोष्टींवर एकमत दिसते. पिकाचे अवशेष जाळू नयेत. जमीन उन्हात उघडी ठेवू नये. पिकांची फेरपालट करावी, बेवड सांभाळावा. केवळ युरियावर शेती चालवू नये. धूप, निचरा आणि चराई हे प्रश्न गावपातळीवर सोडवावेत.

अनिर्णित मुद्दे यापेक्षा अवघड आहेत. उष्ण, कोरड्या हवामानात सेंद्रिय द्रव्य लवकर जळते. अशा जमिनीत कर्ब किती वाढू शकतो आणि किती टिकू शकतो, याचे प्रदेशवार उत्तर नाही. आच्छादनाला लागणारा काडीकचरा कुठून आणायचा, जनावरांची वैरण कापून का? पद्धत बदलताना पहिली दोन-तीन वर्षे उत्पादन घटले तर तो तोटा कोणी सोसायचा? खंडाने जमीन कसणाऱ्याने दुसऱ्याच्या मातीत गुंतवणूक का करावी? कर्बाच्या बाजारातून शेतकऱ्याला पैसे मिळवून देण्याच्या योजना आता पुढे येत आहेत, पण ज्या मोजमापावर त्या उभ्या आहेत तेच वादात आहे.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच उणीव आहे. शेतकऱ्याचा दावा आणि शास्त्रज्ञाचा आक्षेप एकाच शेतात, एकाच पद्धतीने, पुरेशी वर्षे तपासले गेलेले नाहीत. सेंद्रिय कर्ब ०.४वरून एकाच्या वर गेला, असे शेतकरी सांगतो तेव्हा नमुना किती खोलीचा, कोणत्या महिन्यातला, काडीकचरा चाळून काढला होता का, हे विचारले जात नाही. विद्यापीठाचा प्रयोग शिस्तीचा असतो, पण तो चार भिंतींच्या आतल्या प्रक्षेत्रावर होतो, जिथे ना खंडाचा प्रश्न असतो ना वैरणीचा. दोघांचे ज्ञान अर्धे राहते.

पुढची दिशा

म्हणून माझ्या मते आज नव्या पद्धतीपेक्षा सामाईक नोंदींची गरज अधिक आहे. प्रत्येक मृदाप्रकारात काही गावे निवडून, शेतकऱ्यांच्या पसंतीच्या दोन-तीन पद्धती शेजारी शेजारी किमान दहा वर्षे चालवाव्यात. नमुना ठरलेल्या खोलीवर आणि ठरलेल्या महिन्यात घ्यावा. प्रयोगशाळेच्या आकड्यांबरोबर गांडुळे, पाणी मुरण्याचा वेळ, मजुरी आणि खर्च यांचीही नोंद व्हावी. निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचले जावेत, मग ते कोणाच्याही बाजूने जावोत. दाभोळकरांची वही आणि अकोल्याची शिस्त एकत्र आली तर या वादातले निम्मे प्रश्न सुटण्याजोगे आहेत.

यात वरळी, लालबाग, परळच्या गावकरी मंडळांनाही काम आहे. ही मंडळे पिढ्यान्‌पिढ्या गावच्या देवळासाठी, शाळेसाठी, रस्त्यासाठी वर्गणी काढत आली. आता एका सामाईक प्रयोगशेताची वर्गणी त्यांनी काढावी. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पडीक तुकड्यातला मातीचा नमुना तपासून घ्यावा, अहवाल गावातल्या कसणाऱ्यापुढे ठेवावा आणि पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा नमुना घ्यावा. शेतावर राबायला मुंबईकराला वेळ नसेल, पण दहा वर्षे नेमाने नोंद ठेवणे त्याला नक्की जमेल. आपल्या मातीला सध्या त्याच कामाची सर्वांत जास्त गरज आहे.